वाट पाहू नये

मॅट्रिक झाल्यावर मला शाळेत शिकवायचे नव्हते आणि हॉस्पिटलात नर्स व्हायला दादा पाठवायला तयार नव्हता, म्हणून मी भोके पाडायला लागले. भोके म्हणजे कार्डांना. परळच्या एका गिरणीचे हेड ऑफिस फोर्टमध्ये होते, तिथे नव्याने कार्डांची मशिने आली होती. टाइपरायटरसारख्या यंत्रावर बसायचे, मस्टर समोर ठेवायचा आणि प्रत्येक कामगाराच्या नावचे जाड कार्ड भोकून काढायचे. नावचे म्हणते ती सवय. कार्डावर नाव नसे. बिल्ल्याचा नंबर, खाते, पाळी, हजर की खाडा, एवढेच.

खाडा म्हणजे कामावर न येणे. गिरणगावात हा शब्द पोराबाळांनाही ठाऊक होता. रजा वेगळी, खाडा वेगळा. रजा घ्यायची तर जॉबरची, म्हणजे खात्याच्या मुकादमाची, सही घेऊन अर्ज द्यावा लागे. खाडा नुसता पडे.

दादा त्याच गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होता. दोन साच्यांवरचा कायमचा कामगार. वडील गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. त्याने मला आणि आत्याला कोकणातून लालबागच्या खोलीत आणले आणि मला शाळेत घातले. त्याची बायको गावीच असे, शेत आणि दोन मुली सांभाळत. त्या वेळी बहुतेकांची अशीच व्यवस्था होती आणि तिच्याबद्दल कुणी वेगळे काही बोलत नसे. शेजारच्या गाळ्यात आमच्याच गावचे सहा-सात जण एकत्र राहत. त्यातला एक जेवायला आमच्याकडे असे. तो बदली कामगार होता. म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या दरवाज्याशी जाऊन उभे राहायचे. कुणाचा खाडा असेल तर त्याच्या जागी त्या दिवसापुरते काम, नसेल तर परत. साच्याचे काम त्याला दादानेच शिकवले होते. जेवताना दादा त्याला म्हणे, "जरा हळू जेव. तुझो साचो अजून लागूक नाय." तो म्हणे, "म्हणानच जेवतंय. उद्या तू आजारी पड, माका ताकद होई." आत्या दोघांनाही रागावे.

मला भोके पाडण्यात वर्षभरात कंटाळा आला आणि मी मशिनांकडे बघू लागले. कार्डे निवडणारे एक मशीन होते, जुळवणारे एक, आणि याद्या छापणारे एक. छापणाऱ्या मशिनाच्या पोटात तारांचा बोर्ड असे. कुठल्या रकान्यातले भोक कुठे छापायचे, कशाची बेरीज करायची, ते सगळे तारा जोडून ठरवायचे. आमच्या खात्याचे साहेब दादरचे, हुशार आणि घाबरट गृहस्थ. त्यांना तारांचा तिटकारा होता. मी एकदा जेवणाच्या सुट्टीत चुकीची तार काढून योग्य जागी लावली आणि यादी बरोबर आली. तेव्हापासून बोर्ड माझ्याकडे आला.

मग गिरणीच्या लेबर ऑफिसरने एक काम सांगितले. लोक न सांगता गावी जातात, साचे रिकामे राहतात, आणि कोण किती दिवस नाही हे कळायलाच महिना जातो. मशिनाने दर आठवड्याला आपोआप सांगावे. साहेबांनी ते काम माझ्याकडे ढकलले आणि मी ते मन लावून केले. आठवड्याची खाड्यांची कार्डे एका गठ्ठ्यात, रजेची कार्डे दुसऱ्या गठ्ठ्यात. दोन्ही जुळवायची. ज्या खाड्याला रजा जुळली ते कार्ड बाजूला. उरलेल्यांत ज्याचे सहा खाडे लागोपाठ, ते शेवटच्या खणात पडणार. त्या खणातल्या कार्डांची यादी छापायची. ती यादी लेबर ऑफिसात गेली की तिथला कारकून प्रत्येक नंबराला छापील पत्र पाठवणार: तीन दिवसांत हजर व्हा, नाही तर नाव कमी होईल. तीन दिवसांनी पत्राची दुसरी प्रत टाइम ऑफिसात जाणार, तिथे मस्टरमधून नाव कमी. मस्टरची प्रत खात्यात गेली की जॉबर सर्वांत जुन्या बदलीला ती जागा देणार. एका कागदाने दुसरा कागद हलायचा. मधे कुणाला विचार करावा लागणार नाही, असे मी साहेबांना अभिमानाने सांगितल्याचे आठवते.

पहिले दोन महिने शनिवार चुकू लागले. गिरणीतून रजेचे अर्ज दर शुक्रवारी एका कॅनव्हासच्या थैलीतून येत. शिपाई ती ट्रामने आणी. कधी ती शनिवारी संध्याकाळी येई, कधी सोमवारी. मस्टर मात्र पगारासाठी लागे म्हणून गिरणीच्या मोटारीतून वेळेवर येई. आम्ही थैलीसाठी थांबत असू आणि यादीला उशीर होई. लेबर ऑफिसरने साहेबांना पत्र लिहून झापले. साहेबांनी मला बोलावले.

"बाई, हे एकदा कागदावर लिहून काढा. कुठलं काम कधी, कशाच्या मागून. म्हणजे माझ्यावर येणार नाही."

मी फुलस्केप कागदावर बारा ओळी लिहिल्या. अक्षर चांगले असल्याने तोच कागद भिंतीवर लागला आणि त्याची एक प्रत लेबर ऑफिसात गेली. नववी ओळ अशी होती: 'शनिवारी दुपारी दोन वाजता खाड्यांची कार्डे चालवावीत. रजेची थैली आली नसल्यास वाट पाहू नये.'

ते वाक्य मला कुणी सांगितले नव्हते. मला उशीर आवडत नसे.

छप्पन सालच्या त्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्रापासून तोडणार अशी बातमी आली आणि लालबाग-परळ पेटले. जे झाले ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या चाळीच्या भिंतींवर खडूने 'मुंबईसह' लिहिलेले असे आणि पोलीस येऊन ते पुसायला लावत. कधी गिरण्या बंद, कधी चालू, कधी अर्धी पाळी. गोळीबार झाला त्या दिवशी आत्याने खिडकीला गादी लावली होती. मी त्या दिवसांत चालत ऑफिसला गेले आहे, आणि दोन दिवस जाऊ शकले नाही.

दादा त्यातले काही पाहायला नव्हता. वहिनीचे दिवस भरत आले होते आणि तिच्या पायांवर सूज आली होती. गावाहून पत्र आले, तेव्हा त्याने महिन्याच्या रजेचा अर्ज भरला, जॉबरची सही घेतली, अर्ज खात्याच्या कारकुनाला दिला आणि भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने गेला. हे गडबड सुरू होण्याआधी. आमच्या घरात अर्जाशिवाय कुणी गावी जाणे शक्य नव्हते. मीच त्याला अर्ज लिहून दिला होता.

पुढच्या शुक्रवारी हरताळ. ट्रामा बंद, थैली नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी संचारबंदी, थैली नाही. गिरण्या बंद होत्या ते दिवस आम्ही मस्टरप्रमाणे वगळले, चालू होते ते मोजले. मस्टर मोटारीतून आला होता. दुसऱ्या शनिवारी दुपारी दोनला मी दोन्ही आठवड्यांची कार्डे चालवली. शेवटच्या खणात इतकी कार्डे पडली की मला तो मधेच दोनदा रिकामा करावा लागला. एरवी बोटभर जाडीचा गठ्ठा निघे. मी पाहिले, साहेबांना दाखवले.

"गडबड आहे ना शहरात," साहेब म्हणाले. "लोक पळालेत घरी. पडणारच."

मला ते पटले. यादी छापली, शिक्का मारला, शिपायाकडे दिली. दादाचा नंबर मला पाठ होता. यादी मी वाचली नाही. यादी वाचणे माझे काम नव्हते, बेरीज जुळते का ते बघणे माझे काम होते, आणि ती जुळली होती.

पत्र बुधवारी लालबागच्या पत्त्यावर आले. आत्याला वाचता येत नव्हते. तिने ते फडताळात ठेवले आणि गुरुवारी रात्री जेवताना मला आठवणीने दिले. पत्रावरची तारीख सोमवारची होती. तीन दिवस गुरुवारी संपत होते.

शुक्रवारी सकाळी मी गावी तार केली आणि ऑफिसला न जाता गिरणीत गेले. लेबर ऑफिसर मला ओळखत होते. खुर्ची दिली. त्या दिवशी त्यांच्या दाराबाहेर माणसांची रांग होती, सगळ्यांच्या हातात तेच पत्र.

मी म्हटले, "माझा भाऊ रजेवर आहे. अर्ज सोमवारी आलेल्या थैलीत आहे, मी स्वतः पाहिलाय."

"असेल ना. पण यादीत नाव आलं म्हणजे रजा जुळली नाही."

"थैलीच आली नव्हती तेव्हा."

"मग यादी कशी काढलीत?"

त्यांनी खणातून फुलस्केप कागद काढून माझ्यापुढे ठेवला आणि नवव्या ओळीखाली पेन्सिल टेकवली.

"अक्षर तुमचंच ना, बाई?"

ते कुत्सितपणे बोलत नव्हते. त्यांना खरोखर मला मदत करायची होती. म्हणाले, "जे तीन दिवसांत स्वतः येऊन उभे राहिले, त्यांना मी आत घेतलंय. ही बाहेरची माणसं कालच येऊन नावं सांगून गेलीत, त्यांनाही घेणार आहे. त्यांचे कागद अजून माझ्याकडे आहेत. जे आले नाहीत त्यांची प्रत काल संध्याकाळीच टाइम ऑफिसला गेली."

मी टाइम ऑफिसात गेले. तिथल्या कारकुनाने मस्टर उघडून दाखवला. दादाच्या नंबरावर लाल रेघ होती. "माझ्याकडे प्रत आली, मी रेघ मारली. खोडायची तर कुठल्या कागदावर खोडू? तसा कागद द्या."

तसा कागद नव्हता. मी बारा ओळी लिहिल्या तेव्हा पत्राचा मसुदा बसवला होता, नाव कमी करण्याचा बसवला होता, जागा भरण्याचा बसवला होता. कमी झालेले नाव परत घ्यायचे तर काय, हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. मी साचेखात्याच्या दाराशी गेले. बायकांना तिथे आत सोडत नसत. जॉबर बाहेर आला, कानातला कापूस काढून त्याने ऐकून घेतले.

"सकाळीच भरली ना जागा. सगळ्यात जुना बदली तुमचा गाववालाच निघाला, तुमच्याकडे जेवतो तो. त्यालाच दिली. बरं झालं नाय, घरातल्या घरात राहिली?"

दादा त्यानंतरच्या मंगळवारी आला. मुलगा झाला होता. वहिनी वाचली होती, मुलगा दोन दिवसांनी गेला. हे त्याने आत्याला दोन वाक्यांत सांगितले आणि मग मला विचारले, तार कसली. मी सगळे सांगितले, नवव्या ओळीसकट. लपवण्याची माझी पद्धत नव्हती. त्याला कार्डे, खण, जुळणी यातले फारसे कळले नसावे. त्याने एकच विचारले.

"अर्ज दिल्लंय मी. तू लिवलंस, मी दिलंय. खरां ना?"

"खरं."

"मग?"

दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन निघाले.

युनियनच्या माणसाकडे गेलो. तो दमलेला होता, घसा बसला होता, टेबलावर मोर्चाची पत्रके होती. म्हणाला, "तुमच्यासारखे पुष्कळ आहेत. केस घालू. वेळ लागेल. आधी मुंबई तर मिळू दे." केस घातली. ती कुठे अडकली ते मला आजही माहीत नाही. गिरणीने दादाला एवढेच दिले: नवी भरती म्हणून घेऊ, नवा नंबर, बदली कामगार. सतरा वर्षांच्या नोकरीनंतर दादा सकाळी दरवाज्याशी उभा राहू लागला.

ऑफिसात माझ्यावर कुणी ठपका ठेवला नाही. उलट नववी ओळ बदलली गेली, 'थैली न आल्यास साहेबांची सही घेऊन थांबावे', आणि ही दुरुस्ती मीच सुचवली म्हणून साहेबांनी माझी मशीनखोलीची मुख्य म्हणून शिफारस केली. मी ती जागा घेतली. घरात एक पगार आता बेभरवशाचा झाला होता. न घेण्यात काही अर्थ नव्हता.

गाववाला आठवडाभर आमच्याकडे जेवायला आला नाही. मग दादाच जाऊन त्याला घेऊन आला. तो पाटावर बसून म्हणाला, "तुझे साचे आसत माझ्याकडे. मी मागूक नव्हतंय."

"ठाव आसा. जेव."

"डावीकडचो धागो तोडता सारखो."

"तेका खालून हात लाव. सांगितलंय तुका किती वेळा."

त्यानंतर त्या दोघांनी आपापसात एक युक्ती काढली. मला ती नंतर कळली. आठवड्यातून एक-दोन दिवस गाववाला मुद्दाम खाडा करी. पोट दुखतंय म्हणून गाळ्यात पडून राही. दादा दरवाज्याशी उभाच असे. जॉबर त्याला हाक मारी आणि त्या साच्यांवर पाठवी. म्हणजे दादा स्वतःच्याच साच्यांवर दुसऱ्याचा बदली म्हणून काम करी. त्या दिवशी तो घरी बोलत असे. आत्याला म्हणे, "माझो साचो माका वळाखता गो." गाववाला म्हणे, "माका नाय वळाखत. माझ्यार डाफरता." जॉबरला सगळे ठाऊक होते आणि त्याचे काही म्हणणे नव्हते, साचे चालत होते, कापड चांगले निघत होते. हे असेच वर्षानुवर्षे चालले असते तर ते माझ्या मते वाईट नव्हते.

पण आता महिन्याचीही एक यादी होती. लागोपाठ नव्हे, तर महिन्यात तुटक चारपेक्षा जास्त विनारजा खाडे पडले की ताकीद, आणि तिसऱ्या ताकिदीला नाव कमी. तिचा बोर्डही मीच जोडला होता. आता मी याद्या वाचत असे. मे महिन्यात गाववाल्याचा नंबर मला दिसला. मी काही बोलले नाही; एक ताकीद म्हणजे काही नव्हे. जूनमध्ये पुन्हा दिसला. जुलैची कार्डे चालवली तेव्हा मी मशिनाशी उभी राहिले, शेवटच्या खणातला गठ्ठा हातात घेतला आणि त्याचे कार्ड काढून टेबलाच्या खणात टाकले. यादी छापली. खालची बेरीज एकाने चुकली. मशीन जुळवताना मोजते आणि छापतानाही मोजते. ही सोय मीच करून घेतली होती, कार्डे हरवू नयेत म्हणून. यादी बघणाऱ्या मुलीने विचारले, "बाई, एक कमी येतंय. पुन्हा चालवू?" मी कार्ड परत दिले. "खाली पडलं होतं," म्हटले. मग साहेबांकडे जाऊन त्या एका नंबराची रजा मागाहून जोडता येईल का विचारले. ते म्हणाले, "एकदा तुम्हीच सांगितलं होतं ना, मधे कुणी हात घालायचा नाही म्हणून?"

तिसरी ताकीद गेली, पण नशिबाने लेबर ऑफिसरने त्याला बोलावून घेतले आणि कागद पुढे पाठवण्याआधी एक महिन्याची सवलत दिली. एक महिना, एकही खाडा नाही, तर कागद फाडीन. ते त्यांच्या अधिकारात होते.

त्या रविवारी मी दोघांना समोर बसवून सांगितले. आजपासून खाडा नाही. एकही नाही.

गाववाला हसला. "जाव दे माझां नाव. मग सगळ्यात जुनो बदली कोण? ह्योच. साचे परत ह्याच्याकडे."

"तसं नाही होणार," मी म्हटले. "त्याचा नंबर नवा आहे. त्याच्या आधी तीस-चाळीस बदली आहेत. साचे त्यांच्यातल्या कुणाला जातील."

तो दादाकडे बघू लागला. त्याचे हे गणित बरेच दिवस मनात होते असे मला तेव्हा कळले. पोटदुखी नुसती उदारपणाची नव्हती. त्याला नाव घालवायचेच होते.

दादाने ताटातला भात कालवला. मग गाववाल्याला म्हणाला, "सोमवारपासून रोज जा. पाळी चुकवू नको. डावीकडचो धागो खालून."

"आणि तू?"

"मी बघतंय."

तो आणखी महिनाभर दरवाज्याशी गेला. जॉबर त्याला हाक मारी, पण दुसऱ्या खात्यात, कधी सुतात, कधी गाठोडी उचलायला. साच्यांचा माणूस होता. पंचेचाळिशीत ती कामे त्याला झेपेनात. एक दिवस तो साडेआठलाच घरी आला आणि आत्याला म्हणाला, आगबोट सुरू झाली की जातो. पावसाळा संपायची वाट बघावी लागली. मी त्याला थांब म्हटले नाही. थांबून काय करायचे ते मला सुचत नव्हते आणि न सुचता बोलण्याची मला सवय नाही. गाववाला कामावर होता, खाडा करता येत नव्हता, म्हणून धक्क्यावर मी एकटीच गेले. दादाने ट्रंक स्वतः उचलली. म्हणाला, "आत्याक बघ." मी बघते म्हटले.

धक्क्यावरून मी सरळ ऑफिसला आले. शनिवार होता. दोन वाजता कार्डे चालवली. बदली कामगाराला खाडा नसतो, त्याची वाट कुणी बघत नाही, म्हणून त्यांची कार्डे या गठ्ठ्यात आम्ही घेतच नसू. शेवटचा खण त्या दिवशी जवळजवळ रिकामा होता. बेरीज जुळली. मी यादीवर शिक्का मारला आणि शिपायाला दिली.